ठासणीच्या बंदुकीचे सामान: मुंबईच्या दुकानात काय मिळते आणि इतर देशांत ते किती सहज मिळते

ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक, विकत घेणे हा एकदाच करायचा खर्च असतो. तिला लागणारी दारू, ती पेटवणाऱ्या टोप्या, छर्रे किंवा गोळ्या, टोपी जिच्यावर बसते ती निपल आणि सफाईचे सामान हा खर्च मात्र बंदूक वापरात असेपर्यंत चालूच राहतो. त्यामुळे एखाद्या देशात ही बंदूक बाळगणे परवडते की नाही, हे बंदुकीच्या किमतीवरून कधीच कळत नाही. ते कळते दारूच्या डब्यावर काय छापले आहे आणि तो डबा किती खात्रीने मिळतो यावरून. हे परीक्षण त्या सामानाचे आहे. मुंबईत फोर्ट भागातील एका जुन्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ते कसे आणि कोणत्या दर्जाचे मिळते, आणि जर्मनी, ब्रिटन, अमेरिका वगैरे देशांत त्याच वस्तूंसाठी ग्राहकाला किती पैसे आणि किती खटाटोप लागतो, हे मी येथे मांडत आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण ज्या उणिवा सांगणार आहे त्या त्या दुकानाच्या कमी आणि सगळ्या पुरवठ्याच्या जास्त आहेत.

आमच्या घरची बंदूक सिंधुदुर्गात आहे आणि तिचा परवाना काकांच्या नावावर शेती संरक्षणासाठी काढलेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि कोकणातल्या बहुतेक ठासणीच्या बंदुका अशाच परवान्यावरच्या आहेत. रानडुकरे आणि वानर यांना पिटाळण्यासाठी बहुतेक वेळा नुसता बार काढला जातो. मी स्वतः नोकरीनिमित्त जर्मनीत असताना तिथल्या नेमबाजी क्लबात ठासणीच्या रायफलीवर नेम धरायला शिकलो, त्यामुळे एकाच प्रकारच्या हत्याराचे सामान दोन अगदी वेगळ्या व्यवस्थांतून घेण्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे.

आधी दुकानाविषयी. खरेदीसाठी परवानाधारकाने स्वतः यावे लागते; काका गावाहून येतात तेव्हा मी सोबत जातो. परवाना पुस्तिका पाहणे, त्यावर मंजूर असलेली मर्यादा तपासणे, आधीच्या खरेदीशी ताळा घेणे आणि नोंदवहीत सही घेणे हे सारे तिथे न कंटाळता आणि न चुकता होते. ज्यांना ही कटकट वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्या मालाने घर उडू शकते त्याची नोंद अशीच काटेकोर असली पाहिजे, आणि काउंटरवरच्या वयस्क गृहस्थांनी ‘काका, मर्यादेपेक्षा जास्त मागू नका, परवान्यावर वाढवून आणा, मग देतो’ असे जे स्पष्ट सांगितले त्यामुळे दुकानावरचा माझा विश्वास वाढलाच. कारागिराचे कामही चांगले आहे. त्याने निपल काढून उजेडात धरली आणि तिचे भोक जळून कसे मोठे झाले आहे ते काकांना दाखवले. असे भोक मोठे झाले की बार उडताना वायू मागे फेकला जातो आणि टोपीचे तुकडे उडतात. डोळ्यांशी संबंध असलेली ही गोष्ट त्याने न विचारता सांगितली, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

अडचण मालात आहे. मिळालेल्या दारूच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, स्फोटकाचा वर्ग आणि इशारे होते, पण दाण्याचा आकार कुठेही लिहिलेला नव्हता. घरी आल्यावर चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर पसरून पाहिली, तर मोहरीएवढे काही दाणे, रव्यासारखे काही, आणि कागद तिरका केल्यावर मागे राहणारी काळी पूड असा तिन्हींचा मेळ दिसला. ठासणीच्या बंदुकीत वापरतात त्या काळ्या दारूत दाण्याचा आकार हा चवीचा प्रश्न नसून दाबाचा प्रश्न आहे, कारण बारीक दाणा भराभर जळतो आणि नळीत दाब लवकर चढतो, तर जाड दाणा सावकाश जळतो. म्हणूनच परदेशात एक एफ ते चार एफ असे क्रमांक डब्यावर ठळकपणे छापलेले असतात: एक एफ जाड, मोठ्या नळीच्या बंदुकांसाठी, दोन आणि तीन एफ रायफली व पिस्तुलांसाठी, आणि सर्वांत बारीक चार एफ केवळ चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीच्या कानात रंजक म्हणून, म्हणजे आतला बार पेटवणारी चिमूटभर दारू म्हणून. दाणे एकसारखे नसले की तेच माप भरूनही एक बार जोरात आणि दुसरा मरगळलेला निघतो. शेतात जनावरे पिटाळताना हे चालून जाते, पण नेमबाजीसाठी ते अजिबात चालणार नाही, आणि जुन्या, कमकुवत नळीच्या बाबतीत तर ते धोक्याचेच आहे.

टोप्यांची गोष्ट वेगळी, पण समाधानकारक तीही नाही. दुकानात टोप्या होत्या, मात्र एकाच मापाच्या. आमच्या निपलवर त्या किंचित सैल बसतात, त्यामुळे बंदूक खांद्याला लावताना टोपी पडण्याची भीती राहते. आमची बंदूक देशी बनावटीची असल्याने निपलचे आटे कोणत्याही छापील मापाशी जुळत नाहीत आणि नवी निपल लेथवर मुद्दाम करून घ्यावी लागते. अमेरिकेत ही अडचण येत नाही, कारण तिथल्या बहुतेक कंपन्यांच्या निपलांचे आटे पाव इंच गुणिले २८ (म्हणजे पाव इंच जाडी आणि इंचाला २८ आटे) किंवा सहा मिलिमीटर अशा ठरलेल्या मापांचे असतात आणि सुटी निपल पाकिटातून मिळते.

आता जर्मनीचा विचार करू. तिथला कायदा माझ्या मते सर्वांत नेमका आहे. १८७१ पूर्वीच्या बनावटीची, टोपीवर चालणारी, एकाच बाराची ठासणीची बंदूक किंवा तिची नवी प्रतिकृती अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परवान्याशिवाय विकत घेता येते. परंतु दारू घेण्यासाठी स्फोटक कायद्याच्या २७ व्या कलमानुसार वेगळी परवानगी लागते, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, परीक्षा आणि पूर्वचारित्र्याची तपासणी या तिन्हींतून जावे लागते. म्हणजे लोखंड मोकळे आणि दारूवर पहारा. परीक्षेत दारू कुठे ठेवायची, किती ठेवायची, सांडली तर काय करायचे, बार उडाला नाही तर किती वेळ नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबायचे, हे सगळे विचारले जाते. एकदा ती परवानगी हाती आली की पुरवठ्याची चिंता उरत नाही. लोअर सॅक्सनीमधील कुनिगुंडे येथे वानो या दारू बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आहे, शेजारच्या स्वित्झर्लंडमधील ऑबोन येथे जगभर नावाजलेली स्विस दारू होते, आणि टोप्यांसाठी आरडब्ल्यूएस या जर्मन नाममुद्रेच्या १०७५ क्रमांकाच्या टोप्या अडीचशेच्या डब्यात मिळतात. वानोची दारू साधारण ४० ते ६० युरो किलो अशा भावात आणि स्विस त्याहून बरीच महाग मिळते. मी दोन्ही वापरल्या आहेत. शंभर मीटरवरच्या नेमबाजीत स्विस दारूच्या जादा किमतीचा मोबदला लक्ष्याच्या कागदावर दिसतो, कारण तिचे दाणे घट्ट, चकचकीत आणि एकसारखे असतात आणि नळीत राख कमी राहते. पन्नास मीटरपर्यंत मात्र वानो पुरेशी आहे.

ब्रिटनमध्ये बंदूक आणि दारू दोन्हींवर कागद लागतो. रायफल आणि पिस्तुलासाठी फायरआर्म सर्टिफिकेट, गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी शॉटगन सर्टिफिकेट, आणि काळ्या दारूसाठी २०१४ च्या स्फोटक नियमांखाली पोलिसांकडून ती घेण्याचे व ठेवण्याचे प्रमाणपत्र. १९९७ च्या हँडगन बंदीतूनही ठासणीची पिस्तुले वगळली गेली, त्यामुळे तिथे या छंदाला उलट बळ मिळाले. मला तिथली एक साधी वस्तू फार आवडली: दारू ठेवण्याची लाकडी पेटी. तिच्यात वेगवेगळे कप्पे असतात आणि एका कप्प्यात ५५० ग्रॅमपेक्षा जास्त दारू ठेवायची नसते, म्हणजे आग लागलीच तर सगळा साठा एकदम बंदिस्त जागेत पेटत नाही. अशी पेटी कोणताही चांगला सुतार करून देईल. आपल्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यासोबत अशा पेटीचा नमुना दिला गेला तर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा चुलीजवळच्या फळीवर दारू ठेवण्याची सवय मोडेल.

अमेरिकेबद्दल आपल्याकडे असा समज आहे की तिथे सगळे मुबलक आणि स्वस्त असते. कायद्यापुरते ते खरे आहे. १९६८ च्या गन कंट्रोल कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका आणि काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या प्रतिकृती केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ‘फायरआर्म’ धरल्याच जात नाहीत, म्हणून त्या टपालानेही मागवता येतात. काही राज्यांचे नियम मात्र याहून कडक आहेत. अशा बंदुकांसाठी खेळ, करमणूक किंवा सांस्कृतिक कारणाने कारखान्यात बनलेली ५० पौंडांपर्यंत काळी दारू परवान्याशिवाय घेता येते. परंतु पुरवठ्याच्या बाजूने तिथली स्थिती वाटते तेवढी भक्कम नाही. देशात बनणारी गोएक्स ही एकच प्रमुख काळी दारू. तिचा कारखाना पूर्वी पेनसिल्व्हेनियातील मूसिक येथे होता, नंतर तो लुईझियानात गेला. २००९ मध्ये हॉजडन कंपनीने तो घेतला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. ज्या देशात बंदूक किराणामालासारखी मिळते त्या देशातले जुने नेमबाज त्या हिवाळ्यात दारूच्या डब्यासाठी दुकाने पालथी घालत होते. २०२२ मध्ये मॉडेल रॉकेट बनवणाऱ्या एस्टेसच्या समूहाने ती नाममुद्रा आणि कारखाना घेतला आणि दारू पुन्हा बाजारात येऊ लागली, पण जुना भाव काही परत आला नाही. त्याच काळात, २०२० पासून पुढची दोनएक वर्षे, टोप्यांचीही टंचाई होती, कारण प्रायमर, म्हणजे काडतुसातली दारू पेटवणाऱ्या टोप्या, बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली यंत्रे काडतुसांच्या मागणीकडे वळवली होती. पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हनसारखी बदली दारू तिथल्या शिकाऱ्यांना उपयोगी पडते, पण ती पेटायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे चकमकीच्या बंदुकीत ती भरवशाची नाही.

अमेरिकेतला भाव पाहायचा तर गोएक्ससारखी दारू पौंडाला साधारण २५ ते ३५ डॉलर पडते. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. पन्नास कॅलिबरच्या रायफलीत ७० ग्रेनचे माप धरले तर पौंडात १०० बार होतात, म्हणजे दारूचा खर्च बाराला २५ ते ३५ सेंट. अकरा क्रमांकाच्या शंभर टोप्यांचा डबा दहा डॉलरच्या आसपास, म्हणजे आणखी दहा सेंट. गोळी तयार घेतली तर पंधरा ते वीस सेंट. पण तिथले बहुतेक नेमबाज साच्यात स्वतः ओततात, आणि शिसे जगात कुठेच फारसे महाग नाही. मुंबईच्या कमोडिटी एक्स्चेंजवर त्याचा भाव गेली काही वर्षे किलोला १८० ते २०० रुपयांच्या आसपास राहिला आहे आणि अशा एका गोल गोळीला साडेअकरा ग्रॅम शिसे पुरते. तयार गोळी घेतली तर सगळे धरून बाराला पन्नास ते पासष्ट सेंट, म्हणजे पन्नास रुपयांच्या आत-बाहेर. घरपोच मागवले तर त्यावर धोकादायक मालाचे स्वतंत्र शुल्क लागते, आणि ते एका खेपेला एकदाच आकारले जात असल्याने तिथले लोक चौघे-पाचजण मिळून एकत्र मागवतात. किलोचा हिशेब केला तर जर्मनी आणि अमेरिका यांत दारूच्या भावात मोठा फरक नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इटलीत एकाच बाराच्या ठासणीच्या प्रतिकृती प्रौढ व्यक्तीला मोकळेपणाने घेता येतात. ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल त्रोम्पिया या गावी पेदेरसोली ही कंपनी १९५७ पासून आहे आणि जगातल्या चांगल्या प्रतिकृती तिथूनच येतात. कॅनडात चकमकीच्या लांब बंदुकीच्या प्रतिकृतीला परवाना लागत नाही, पण टोपीवर चालणाऱ्या प्रतिकृतीला लागतो, हा भेद मला अजून पटलेला नाही. जपानमध्ये १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर पोहोचलेल्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या, बंदुकीच्या परंपरेतील जुने नमुने कलावस्तू म्हणून प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे नोंदवले जातात, आणि उत्सवात बार काढण्यासाठी दारूची वेगळी परवानगी घ्यावी लागते.

भारताच्या बाबतीत मला खरोखर खंत वाटते ती याची, की हा देश या मालात कधीच मागे नव्हता. काळ्या दारूचा मुख्य घटक असलेल्या बिहारच्या सोऱ्यावर युरोपातल्या कंपन्यांचा दारूचा व्यापार उभा होता. आजही भारतात बनलेल्या ब्राउन बेस या जुन्या ब्रिटिश लष्करी चकमकीच्या बंदुकीसारख्या बंदुकांच्या प्रतिकृती अमेरिकेत आणि कॅनडात जातात, इटालियन मालाच्या साधारण निम्म्या किमतीला विकल्या जातात, आणि त्यांतल्या पुष्कळशा रंजकाचे भोक न पाडताच पाठवल्या जातात. म्हणजे कारागिरी आहे, कच्चा माल आहे, फटाके आणि खाणकाम यांसाठी काळी दारू बनवणारे परवानाधारक कारखानेही आहेत. नाही ती फक्त चाळून, दाण्याचा क्रमांक छापून, लहान डब्यात भरलेली नेमबाजीची दारू. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसोचे मुख्यालय नागपुरात, म्हणजे आपल्याच राज्यात आहे. वेष्टनावर दाण्याचा आकार छापणे बंधनकारक करायला नवा कारखाना लागत नाही.

परदेशातून येताना काही आणावे का, असे मला विचारले जाते. दारू मुळीच नाही. काळी दारू संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ००२७ क्रमांकाचे स्फोटक आहे आणि ती कोणत्याही विमानातून, सामानात असो वा मालवाहतुकीत, नेता येत नाही. टोप्याही प्रवासी सामानात चालत नाहीत, आणि आयातीचा परवाना नसताना त्या किंवा बंदुकीचे सुटे भाग आणणे हा गुन्हा आहे. वापरलेली दारूची शिंगे आणि मापेही आणू नयेत, कारण विमानतळावरच्या तपासणीत दारूचा अंशसुद्धा सापडतो. सफाईचे नवे ब्रश आणण्यात मला अडचण आली नाही.

सफाईच्या सामानाच्या बाबतीत मात्र मुंबई परदेशापेक्षा सरस आहे, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. गोळीभोवती गुंडाळायच्या कापडी चकत्या अमेरिकेत शंभराच्या पाकिटात विकत घेतात. त्यासाठी लागणारे घट्ट विणीचे पट्टेदार सुती कापड म्हणजे आपल्या गादीच्या खोळीचेच कापड, आणि ते मंगलदास मार्केटमध्ये मीटरवर मिळते. मधमाशीचे मेण खादी भांडारात मिळते, आणि खोबरेल तेलाबरोबर वितळवून केलेले वंगण माझ्या अनुभवात तयार ट्यूबपेक्षा कमी पडलेले नाही. खनिज तेल टाळावे, कारण काळ्या दारूच्या राखेशी मिसळून त्याचा डांबरासारखा थर होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गरम पाणी. दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जुलैच्या दमट हवेत संध्याकाळी बार काढून सकाळी धुऊ असे म्हटले तर सकाळपर्यंत नळीत तांबेरा धरलेला असतो. त्याच दिवशी उकळते पाणी, मग कोरडे कापड, मग तेलाचा हात.

फटाक्याची दारू किंवा काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नये. पहिलीत क्लोरेटसारखी कोणती द्रव्ये आहेत हे कळत नाही, आणि दुसरीचा दाब जुनी नळी पेलू शकत नाही. पुरवठा खंडित झाला की गावाकडे हे मोह होतात, म्हणूनच मी पुरवठ्याच्या सातत्याला भावापेक्षा जास्त महत्त्व देतो.

एकंदरीत फोर्टमधले हे दुकान नोंदी, सचोटी आणि कारागिरी यांसाठी मी निःसंकोच सुचवीन. मालाची विविधता आणि दारूचा दर्जा यांसाठी सुचवू शकत नाही. जाण्याआधी फोन करावा, कारण दारू आणि टोप्या दोन्ही एकाच वेळी असतीलच असे नाही. खरेदी एप्रिल-मे महिन्यांत उरकावी, म्हणजे माल कोरड्या हवेत घरी पोहोचतो आणि पेरणीच्या सुमारास धावपळ होत नाही. निवडणूक लागली तर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले जाऊ शकते, तेव्हा त्या वर्षी साठा बेतानेच घ्यावा. निपल बदलायची असेल तर जुनी निपल सोबत न्यावी, तिच्यावर दुकानातली टोपी बसवून पाहावी, आणि नवी निपल त्या टोपीच्या मापाने घासून घ्यावी. आमच्या बंदुकीची टोपी पडण्याची तक्रार कारागिराने अशाच रीतीने दूर करून देण्याचे कबूल केले आहे, आणि त्या कामाची मजुरी त्याने आधीच पावतीवर लिहून दिली आहे.